मुद्रित मंडलाचा जनक

रेडिओ, संगणक किंवा मोबाइल फोन दुरुस्तीसाठी उघडला, की त्यात एक पातळ, बहुधा हिरव्या रंगाची पाटी दृष्टीस पडते. त्या पाटीवर तांब्याच्या अरुंद रेघांचे जाळे पसरलेले असते. काही रेघा समांतर धावतात, काही मध्येच वळण घेतात, तर काही एखाद्या बारीक छिद्रापाशी येऊन थांबतात. प्रथमच पाहणाऱ्यास तो एखाद्या गजबजलेल्या शहराचा नकाशा वाटावा. या रेघा म्हणजे विजेच्या वाटा होत. कागदावर अक्षरे उमटवावीत, त्याप्रमाणे त्या पाटीवर उमटविलेल्या असतात. म्हणून या रचनेस मुद्रित मंडल असे म्हणतात. ज्यात मुद्रित मंडल नाही, असे इलेक्ट्रॉनिक उपकरण आज शोधूनही सापडणे कठीण आहे. या कल्पनेला ज्याने आपल्या हातांनी रूप दिले, तो पॉल आयस्लर त्या वेळी लंडनमधील एका भाड्याच्या खोलीत राहणारा निर्वासित होता. त्याच्यापाशी नोकरी नव्हती, आणि त्या देशात नोकरी करण्याचा परवानाही नव्हता.

पॉल आयस्लरचा जन्म ३ ऑगस्ट १९०७ रोजी ऑस्ट्रिया देशाची राजधानी व्हिएन्ना येथे एका ज्यू कुटुंबात झाला. व्हिएन्ना हे डॅन्यूब नदीच्या काठी वसलेले, संगीतासाठी आणि विद्येसाठी प्रसिद्ध असलेले शहर. पॉलच्या बालपणीच पहिले महायुद्ध झाले, आणि ते संपले तेव्हा एके काळचे विशाल ऑस्ट्रियन साम्राज्य मोडून पडले होते. देश लहान झाला, उद्योगधंदे मंदावले, महागाईने लोक त्रस्त झाले. अशा दिवसांत पॉलचे शिक्षण झाले. त्याची बुद्धी तल्लख होती. व्हिएन्नाच्या तंत्रविद्यापीठात त्याने अभियांत्रिकीचा अभ्यास केला आणि १९३० साली तो पदवीधर होऊन बाहेर पडला.

पदवी हाती आली. परंतु नोकरी मिळेना. त्या वेळी साऱ्या जगावर मंदीचे सावट होते, हे त्याचे एक कारण. दुसरे कारण अधिक क्लेशदायक होते. मध्य युरोपात ज्यू लोकांविषयीचा द्वेष दिवसेंदिवस वाढत चालला होता. केवळ ज्यू कुळात जन्म झाला एवढ्यासाठी गुणी तरुणांना कामाची दारे बंद होत होती. आयस्लरच्या वाट्यालाही हेच आले. अखेरीस त्याला बेलग्रेड येथे एका ग्रामोफोन कंपनीचे तात्पुरते काम मिळाले. आगगाडीतील प्रवाशांना संगीत ऐकविण्याची ती योजना होती. गाडी धावत असताना रेडिओच्या यंत्रणेत खरखर उत्पन्न होई आणि संगीत ऐकू येईनासे होई. ही खरखर नाहीशी करण्याचे काम आयस्लरकडे आले होते. पण त्या व्यवहारात मोबदला रोख पैशांऐवजी धान्याच्या रूपाने देऊ केला गेला आणि ते काम तेथेच सुटले. आयस्लर रिकाम्या हातांनी व्हिएन्नाला परतला.

आता चरितार्थासाठी त्याने लेखणी हाती धरली. तो वृत्तपत्रांतून लिहू लागला. रेडिओ हा त्या वेळी नवलाईचा विषय होता. रेडिओविषयी माहिती देणारे एक नियतकालिक काढण्याच्या कामात तो गुंतला. या निमित्ताने त्याचा मुद्रणालयाशी संबंध आला. विजेच्या यंत्रांचा अभ्यास केलेला हा तरुण आता शाईच्या वासात आणि छपाईयंत्रांच्या घरघराटात वावरू लागला. वरवर पाहता अभियंत्याने पत्रकार व्हावे, हा आयुष्यातील उलटा फेरा वाटेल. परंतु या मुद्रणालयानेच त्याला पुढील आयुष्याचे कार्य दाखविले.

तेथे त्याने ठसे कसे तयार होतात ते बारकाईने पाहिले. वृत्तपत्रात चित्र छापावयाचे असले, म्हणजे प्रथम जस्ताच्या पत्र्यावर त्या चित्राचा ठसा तयार करावा लागे. पत्र्यावर एक विशिष्ट लेप देत. हा लेप असा, की प्रकाश पडेल तेथे तो घट्ट होतो. त्यावर छायाचित्राची काच ठेवून प्रखर प्रकाश सोडीत. मग पत्रा धुतला, की प्रकाश न लागलेला लेप निघून जाई आणि प्रकाश लागलेला तेवढा टिकून राही. असा पत्रा तेजाबात बुडविला, म्हणजे जेथे लेप नाही तेथील धातू तेजाब खाऊन टाकी आणि लेपाखालचा धातू सुरक्षित राही. अशा रीतीने चित्राची प्रत्येक रेघ धातूत उठून दिसे. एकदा हा ठसा सिद्ध झाला, की त्याच्या हजारो प्रती काढता येत आणि त्या साऱ्या एकसारख्या असत.

आयस्लरच्या मनात विचारांचे चक्र सुरू झाले. रेडिओच्या अंतरंगाची त्याला उत्तम माहिती होती. त्या काळचा रेडिओ म्हणजे तारांचे एक जंजाळच असे. धातूच्या एका चौकटीवर काचेच्या निर्वात नलिका बसविलेल्या असत. त्यांच्या खाली लहानमोठे अनेक भाग असत. वीज अडविणारे ते रोधक, वीज साठविणारी ती धारित्रे आणि तारेच्या वेटोळ्यांची ती कुंडले. हे सारे भाग एकमेकांना सुट्या तारांनी जोडीत. कामगार प्रत्येक तार मापाप्रमाणे कापी, तिची टोके सोली, ती योग्य जागी गुंडाळी आणि तापलेल्या लोखंडाने तेथे कथील वितळवून जोड झाळी. एका संचात असे कितीतरी जोड असत. एखादी तार चुकीच्या जागी लागली किंवा एखादा जोड कच्चा राहिला, तर सारा रेडिओ मुका होई. आणि ती चूक कोठे आहे हे त्या गुंतागुंतीतून शोधून काढणे फार जिकिरीचे असे.

एकीकडे मुद्रणालयात एका ठशापासून हजारो निर्दोष प्रती निघत होत्या. दुसरीकडे रेडिओचा प्रत्येक संच मात्र मुळापासून हाताने विणावा लागत होता. चित्राची रेघ जर धातूत उमटविता येते, तर तारेची रेघ का उमटविता येऊ नये? धातूच्या पातळ वर्खावर तारांचा आराखडा छापावा, नको असलेला धातू तेजाबाने काढून टाकावा आणि उरलेल्या रेघांतून वीज खेळवावी, ही ती कल्पना होती. मुद्रणकला आणि विद्युतशास्त्र या दोन विद्यांचा ज्याला सारखाच परिचय होता, त्यालाच ती सुचू शकत होती.

अशी कल्पना यापूर्वी कोणाच्याच मनात आली नव्हती, असे नाही. १९०३ साली अल्बर्ट हॅन्सन या जर्मन संशोधकाने धातूच्या चपट्या पट्ट्या मेणकागदासारख्या पदार्थावर चिकटवून टेलिफोनची जोडणी करण्याची योजना मांडली होती. १९२५ साली अमेरिकेत चार्ल्स ड्यूकास याने विद्युतरोधक पदार्थावर धातूच्या वाटा चढविण्याची रीत सुचविली होती. परंतु या सूचना बहुतांशी कागदावरच राहिल्या. मुद्रणालयातील सिद्ध झालेली पद्धत जशीच्या तशी उचलून तिच्या साहाय्याने चालता रेडिओ तयार करणे, हे काम कोणी तडीस नेले नव्हते.

इकडे ऑस्ट्रियातील परिस्थिती झपाट्याने बिघडत होती. फेब्रुवारी १९३४ मध्ये व्हिएन्नाच्या रस्त्यांवर यादवी युद्ध पेटले. सरकारने समाजवादी लोकशाही पक्षावर बंदी घातली आणि त्या पक्षाची वृत्तपत्रे बंद पाडली. शेजारच्या जर्मनीत हिटलरची सत्ता आधीच स्थापन झाली होती, आणि त्याची वाकडी नजर ऑस्ट्रियाकडे वळली होती. ज्यू लोकांना या देशात भवितव्य उरलेले नाही, हे आयस्लरने ओळखले. परंतु परदेशात जावयाचे तर तेथे कोणी बोलावणारे हवे. आयस्लरपाशी धन नव्हते. होत्या त्या केवळ कल्पना. ध्वनीचे आलेखाच्या रूपाने मुद्रण करणे आणि दूरचित्रवाणीवर उठावदार, खोली असलेली चित्रे दाखविणे, अशा दोन शोधांवर त्याने एकस्वाचे हक्क, म्हणजेच पेटंट, मागितले होते. या शोधांच्या बळावर त्याने इंग्लंडला जाण्याची संधी मिळविली आणि १९३६ साली त्याने मातृभूमीचा निरोप घेतला. पुढे दोनच वर्षांनी, मार्च १९३८ मध्ये, हिटलरच्या सैन्याने ऑस्ट्रिया गिळंकृत केला. तेथील ज्यू लोकांवर जे भीषण प्रसंग ओढवले, ते इतिहासप्रसिद्ध आहेत.

लंडनमध्ये आयस्लर हॅम्पस्टेड भागातील एका वसतिगृहवजा घरात खोली घेऊन राहिला. नोकरी करण्यास परवाना नाही, ओळखीपाळखीचे कोणी नाही, भाषा परकी आणि खिसा रिकामा, अशी त्याची स्थिती होती. दूरचित्रवाणीविषयीचा शोध विकून त्याला थोडे पैसे मिळाले. त्या पैशांवर गुजराण करीत त्याने आपली जुनी कल्पना पुन्हा हाती घेतली. प्रयोगशाळा नव्हती, मदतनीस नव्हता. त्या राहत्या खोलीतच त्याने हातांनी मुद्रित मंडल तयार केले आणि ते एका रेडिओत बसविले. रेडिओ चालू झाला. पाटीवरच्या सपाट रेघांतून वीज वाहू लागली. तारांचे जंजाळ अनावश्यक आहे, हे आयस्लरने स्वतःपुरते सिद्ध केले.

तो नमुना घेऊन आयस्लर रेडिओ तयार करणाऱ्या एका मोठ्या कंपनीकडे गेला. तेथील अधिकाऱ्यांनी त्याची कल्पना ऐकून घेतली आणि ती नाकारली. कल्पना सदोष आहे, असे त्यांचे म्हणणे नव्हते. त्यांचा हिशेब निराळा होता. कारखान्यात तारा जोडण्याचे काम मुली करीत. त्यांना वेतन थोडे द्यावे लागे, आणि आराखडा बदलला तरी त्यांच्या हातून हवे तसे काम करवून घेता येई. मग नव्या यंत्रांवर खर्च कशाला करावा, असा त्यांचा विचार पडला. स्वस्त श्रम मिळत असले, की ते श्रम वाचविणाऱ्या शोधाची कोणास निकड भासत नाही. आयस्लरला हा अनुभव फार कटू वाटला. पण त्याने नमुना टाकून दिला नाही.

पुढे काही काळ चित्रपटगृहांच्या एका संस्थेत त्याला तांत्रिक स्वरूपाचे काम मिळाले. तोच १९३९ साली दुसरे महायुद्ध पेटले. जर्मनीशी युद्ध सुरू होताच जर्मनी आणि ऑस्ट्रिया या देशांतून आलेले सारे लोक इंग्लंडमध्ये शत्रुदेशीय ठरले. त्यांतील बहुसंख्य लोक हिटलरच्या जाचाला कंटाळून पळून आलेले होते, याचा विवेक त्या घाईत राहिला नाही. आयस्लरलाही स्थानबद्ध करण्यात आले. ज्या शत्रूच्या भीतीने त्याने घरदार सोडले, त्याच शत्रूचा नागरिक म्हणून त्याला बंदिवास सोसावा लागला. १९४१ साली त्याची सुटका झाली. सुटल्यावर त्याने इंग्रज सैन्याच्या पायोनियर दलात काही काळ काम केले आणि त्यानंतर पुन्हा आपल्या मुद्रित मंडलाकडे लक्ष वळविले.

या वेळी त्याने वेगळा मार्ग धरला. रेडिओच्या कारखानदारांना छपाईचे महत्त्व कळत नसेल, तर छपाई करणाऱ्यांनाच विजेचे महत्त्व पटवून द्यावे, असे त्याने ठरविले. लंडनच्या कॅम्बरवेल भागात हेंडरसन आणि स्पॉल्डिंग ही शिळाछापाचे काम करणारी जुनी संस्था होती. तिचे चालक हॅरॉल्ड व्हेझी स्ट्राँग यांना ही कल्पना पसंत पडली. टेक्नोग्राफ नावाची त्यांची एक उपकंपनी होती. तिच्यामार्फत या शोधावर भांडवल घालण्याचे त्यांनी मान्य केले. इतक्या वर्षांच्या वणवणीनंतर कोणी तरी विश्वास दाखविला, याचाच आयस्लरला एवढा आनंद झाला, की करारपत्र नीट न वाचताच त्याने त्यावर सही केली. नोकरीत असताना लागणाऱ्या शोधांचे हक्क नाममात्र एक पौंड घेऊन कंपनीला द्यावयाचे, असे त्या करारात होते. कंपनीचा सुमारे सहावा हिस्सा त्याच्या नावे झाला हे खरे. परंतु आपल्या शोधावरील सत्ता त्याच्या हातून गेली ती कायमची. या एका सहीचे परिणाम त्याला पुढे अनेक वर्षे भोगावे लागले.

कामाला मात्र आता वेग आला. १९४२ साली त्याने मुद्रित मंडलावर उभारलेला एक रेडिओ संच सिद्ध केला. आकाशातील लहरी ग्रहण करणारे कुंडलदेखील त्यात वर्खातूनच उमटविलेले होते. हा संच लंडनच्या विज्ञान संग्रहालयाच्या संग्रहात जतन केला आहे. १९४३ साली त्याने आपल्या पद्धतीवर पेटंट मिळण्यासाठी अर्ज केला. त्या अर्जावरून पुढे १९५० साली तीन वेगवेगळी पेटंटे देण्यात आली. त्यांतील वर्खाच्या पद्धतीचे पेटंट सर्वांत महत्त्वाचे होते.

ती पद्धत मुळात किती साधी आहे, हे पाहण्यासारखे आहे. विद्युतरोधक पदार्थाच्या एका पाटीवर तांब्याचा पातळ वर्ख पक्का चिकटवितात. कोणता भाग कोठे बसेल आणि कोणता कोणाला जोडावयाचा याचा आराखडा आधी कागदावर काढतात. एक वाट दुसरीला छेदून गेली, तर वीज भलतीकडे जाईल. म्हणून सर्व वाटा एकमेकींना न शिवता कशा नेता येतील, याचा फार विचार करावा लागतो. मग तो आराखडा तेजाबाला दाद न देणाऱ्या शाईने तांब्यावर उमटवितात. पाटी तांबे विरघळविणाऱ्या द्रवात बुडविली, की उघडे तांबे हळूहळू विरघळून जाते आणि शाईखालचे तांबे तेवढे उरते. पाटी स्वच्छ धुऊन शाई पुसली, की तांब्याच्या झळझळीत रेघा दिसू लागतात. शेवटी नेमून दिलेल्या जागी बारीक छिद्रे पाडतात, एका बाजूने रोधक, धारित्रे इत्यादी भागांचे पाय त्यांत घालतात आणि दुसऱ्या बाजूने ते तांब्याला झाळून टाकतात.

ज्या वेळी आयस्लर इंग्लंडमध्ये हे प्रयत्न करीत होता, त्याच सुमारास अमेरिकेतही तारांना पर्याय शोधला जात होता. तोफगोळा लक्ष्याजवळ येताच आपोआप फुटावा, यासाठी त्याच्या टोकाशी एक चिमुकले रेडिओयंत्र बसविण्याच्या युक्तीवर तेथे काम चालू होते. उखळी तोफेचा गोळा लहान असतो. त्यात मावेल एवढे बारीक यंत्र तारांनी जोडणे अवघड होते. म्हणून चिनीमातीच्या छोट्या पाटीवर चांदीयुक्त शाईने विजेच्या वाटा छापण्याची रीत अवलंबिण्यात आली. ही रीत आयस्लरच्या रीतीहून भिन्न होती. त्याने नको असलेला धातू काढून टाकला, तर अमेरिकेत हवी तेवढीच शाई पाटीवर चढविली गेली. तथापि तारा छापता येतात आणि अशी यंत्रे तोफेच्या प्रचंड धक्क्यातही टिकतात, हे त्यामुळे साऱ्या जगाला पटले.

युद्ध संपल्यावर या विषयाकडे कारखानदारांचे लक्ष वेधले गेले. अमेरिकेच्या लष्करातील संदेशवहन विभागाच्या तंत्रज्ञांनी आणखी एक सुधारणा केली. सर्व भाग छिद्रांत बसवून झाल्यावर पाटीची तांब्याची बाजू वितळलेल्या कथिलाच्या रसाला लावली, की साऱ्या जोडांचे झाळकाम एकाच वेळी होते, हे त्यांनी दाखविले. छापलेले मंडल आणि एकदम होणारे झाळकाम या दोहोंचा मिलाफ झाला, आणि जे काम पूर्वी तासन्‌तास चाले ते झटपट होऊ लागले. याच काळात निर्वात नलिकेच्या जागी चिमुकला ट्रान्झिस्टर आला. १९५४ साली अमेरिकेत रीजन्सी नावाचा खिशात मावणारा ट्रान्झिस्टर रेडिओ विक्रीस आला. त्याच्या आत तारांच्या गुंत्याऐवजी मुद्रित मंडलाची पाटी होती. हळूहळू वर्ख आणि तेजाब यांवर आधारलेली पद्धत सर्वत्र रूढ झाली. मुद्रित मंडलामुळे यंत्रे लहान झाली, हलकी झाली, स्वस्त झाली. आणि एक संच दुसऱ्यासारखाच तंतोतंत तयार होऊ लागला.

शोधाचा असा विजय होत असताना शोधकाच्या पदरात मात्र फारसे काही पडले नाही. हक्क कंपनीचे होते. कंपनीशी त्याचे मतभेद वाढत गेले, आणि १९५७ साली त्याने टेक्नोग्राफ सोडली. अमेरिकेतील अनेक कारखाने परवानगीवाचून हे तंत्र वापरीत आहेत, असे कंपनीचे म्हणणे होते. तिने तेथील बेंडिक्स या कंपनीविरुद्ध दावा लावला. १९६३ साली अमेरिकन न्यायालयाने निकाल दिला, की या कल्पनेचे घटक पूर्वीपासून ज्ञात होते आणि म्हणून ही पेटंटे अमेरिकेत ग्राह्य नाहीत. हॅन्सन, ड्यूकास यांच्यासारख्यांचे जुने प्रयत्न आयस्लरने पाहिलेही नसतील. पण कायद्याला त्याच्याशी कर्तव्य नव्हते. ज्या तंत्रावर अब्जावधींचा व्यापार उभा राहिला, त्याचा मोबदला अशा रीतीने त्याच्या हातून निसटला.

एवढ्या आघातानंतर एखादा माणूस कडवट होऊन स्वस्थ बसला असता. आयस्लर स्वस्थ बसणाऱ्यांपैकी नव्हता. वर्खातून वीज वाहू लागली, की तो तापतो, ही साधी गोष्ट त्याने हेरली. मग धातूच्या वर्खाने खोल्यांच्या भिंती व जमिनी उबदार कशा करता येतील, अन्न कसे गरम ठेवता येईल, मोटारीच्या मागील काचेवर धरलेले दव कसे घालविता येईल, याचे प्रयोग तो करीत राहिला. इंग्लंडसारख्या थंड देशात तापणाऱ्या भिंतकागदाला चांगले दिवस येतील, असे वाटत होते. तोच उत्तर समुद्रात नैसर्गिक वायूचे साठे सापडले, वायू स्वस्त झाला आणि ती योजना मागे पडली. यशापयशाचा हा खेळ त्याच्या आयुष्यात शेवटपर्यंत चालला. प्रत्येक अपयशानंतर तो नवी कल्पना घेऊन उभा राही.

उतारवयात त्याच्या कार्याची थोडीफार कदर झाली. इंग्लंडमधील विद्युत अभियंत्यांच्या संस्थेने त्याला नफील्ड रौप्यपदक देऊन गौरविले. १९८९ साली त्याचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. मुद्रित मंडलाच्या सहवासात गेलेले आपले जीवन त्याने त्यात सांगितले आहे. २६ ऑक्टोबर १९९२ रोजी, वयाच्या पंचाऐंशीव्या वर्षी, लंडन येथे त्याचे निधन झाले. तोवर मुद्रित मंडल घरोघर पोहोचले होते. पण ते वापरणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना त्याचे नाव ठाऊक होते.

आज मोठ्या कारखान्यांत अनेक थरांची मुद्रित मंडले यंत्रांनी तयार होतात. त्यांवरील काही रेघा केसाहूनही बारीक असतात. तरीही आयस्लरची मूळ रीत इतकी सोपी आहे, की ती आजही घरच्या घरी करता येते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात तांब्याचा वर्ख लावलेली कोरी पाटी आणि फेरिक क्लोराइड नावाचे रसायन मिळते. तंत्रशिक्षण घेणारे विद्यार्थी ती पाटी घासून लख्ख करतात, तीवर न पुसणाऱ्या शाईच्या लेखणीने आराखडा काढतात आणि प्लॅस्टिकच्या बशीत रसायनाचे द्रावण घेऊन त्यात ती बुडवितात. धातूचे भांडे ते घेत नाहीत. कारण द्रावण भांड्यालाच खाऊन टाकील. बशी हळूहळू हलविली, की काही वेळाने कडेचे तांबे विरघळू लागते आणि खालच्या पाटीचा रंग दिसू लागतो. फेरिक क्लोराइड अंगावर आणि कपड्यांवर डाग पाडते, डोळ्यांना इजा करते. म्हणून हे काम जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली, हातमोजे व चष्मा घालूनच करावे लागते. उरलेले द्रावण मोरीत ओतणेही योग्य नव्हे, कारण त्यातील तांबे पाण्यातील जीवांस घातक असते.

पाटी बाहेर काढून धुतली आणि शाई पुसली, की स्वतः आखलेल्या रेघा तांब्यात उमटलेल्या पाहून विद्यार्थ्यांचे चेहरे उजळतात. कोठे एखादी रेघ तुटलेली असते, कोठे दोन रेघा एकमेकींना चिकटलेल्या असतात. मग त्या दुरुस्त करावयाच्या, छिद्रे पाडावयाची, भाग झाळावयाचे, आणि शेवटी विजेरीला जोडून छोटा दिवा लागतो की नाही ते श्वास रोखून पाहावयाचे. दिवा लागला, की त्या क्षणी त्यांना जो आनंद होतो, तोच १९३६ साली हॅम्पस्टेडच्या खोलीत एका निर्धन निर्वासिताला झाला असेल. त्याच्या मोठ्या शोधाला मोठी साधने लागली नाहीत. मुद्रणालयात पोट भरण्यासाठी घालविलेली वर्षे त्याने वाया जाऊ दिली नाहीत, आणि जगाने नाकारलेली पाटी त्याने हातातून खाली ठेवली नाही. त्या पाटीचे उपकार आज सारे जग घेत आहे.